शिव शिव! गिरणीमालकाच्या प्रेमात?

आधी मला हे सांगा, गिरणीमालकाच्या प्रेमात कुणी पडतं का हो? राजपुत्राच्या पडावं, त्याला परंपरा आहे. फौजी अधिकारी चालतो, दर्यावर्दी चालतो, दरोडेखोरसुद्धा घोड्यावर ऐटीत बसत असेल तर खपून जातो. कवींचं तर विचारूच नका, त्यांचा जन्मच त्या कामासाठी. पण कापडगिरणीचा मालक? कपाळाला कायमची आठी, तोंडी कापसाचा भाव, घरात करारी आई, आणि पहिल्याच प्रसंगात एका कामगाराला जमिनीवर लोळवून बडवणारा? असल्या माणसावर जीव टाकायचा? आणि तोही शहाण्यासुरत्या, नोकऱ्या करणाऱ्या, कर भरणाऱ्या, मुलांचे अभ्यास घेणाऱ्या बायकांनी? जनाची नाही तर मनाची?

पण टाकला. 14 नोव्हेंबर 2004, वार रविवार, बीबीसी वनवर 'नॉर्थ अँड साऊथ'चा पहिला भाग लागला आणि इंग्लंडातल्या कित्येक सभ्य दिवाणखान्यांची शिस्त त्या रात्री मोडली ती मोडलीच. एकूण भाग चार. म्हणजे चार रविवार. आपल्याकडे चार भागांत नायिकेची मान एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्याकडे वळूनही होत नाही. तिथे तेवढ्यात एक संप झाला, एक दंगल झाली, एक गिरणी बुडाली आणि अख्खा देश, निदान देशातला चहा करणारा अर्धा भाग, कामातून गेला.

पहिला भाग संपला आणि बीबीसीच्या नाट्यविभागाच्या संकेतस्थळावर अशी झुंबड उडाली की ते बिचारं कोसळलं. लक्षात घ्या, साल 2004. फेसबुक तेव्हा अमेरिकेतल्या कॉलेजांच्या आवारात रांगत होतं, यूट्यूबचा तर जन्मच व्हायचा होता. रील नाही, हॅशटॅग नाही. म्हणजे या बायाबापड्यांना कुणी भरीला घातलं असंही म्हणायची सोय नाही. आपणहून, पदर खोचून, स्वतःच्या बुद्धीनं त्या वेड्या झाल्या! वर्षाअखेरीला बीबीसीनं आपल्या प्रेक्षकांचा कौल घेतला, तर सर्वोत्तम मालिका हीच. आणि सगळ्यांत हवाहवासा नट कोण? ज्याचं नाव महिन्याभरापूर्वी कुणाला धड ठाऊक नव्हतं तो, गिरणीमालक थॉर्नटन झालेला रिचर्ड आर्मिटेज. उंची सहा फूट दोन इंच, आवाज तळघरातून येणारा, आणि नाक असं की त्यावर स्वतंत्र प्रबंध व्हावा. नटांच्या संघटनेचं कार्ड मिळावं म्हणून हा गृहस्थ ऐन तारुण्यात बुडापेस्टला सर्कशीत जाऊन आलेला. आता सर्कस कुणी कुणाची केली ते तुम्हीच ठरवा. चाहत्यांनी आपल्या टोळीला नाव काय द्यावं? 'आर्मिटेज आर्मी'! सैन्य! आणि या सैन्यात भरती व्हायला वयाची अट नाही, उंचीची नाही, लग्न झालेलं असलं तर उलट प्राधान्य.

बरं, मूळ माल काय होता? शंभर वर्षांपूर्वीची, नव्हे, चांगली दीडशे वर्षांपूर्वीची कादंबरी. लेखिका एलिझाबेथ गॅस्केल, मँचेस्टरच्या एका धर्मोपदेशकाची बायको, चार मुलींची आई. विषय म्हणाल तर कामगार आणि मालक यांच्यातला तंटा. नायिका मार्गारेट हेल दक्षिणेतल्या हिरव्यागार खेड्यातून धुरानं काळवंडलेल्या मिल्टन गावात येते. मिल्टन म्हणजे नाव बदललेलं मँचेस्टर, हे शेंबडं पोरही सांगेल. पुढे काय? संप. फुप्फुसांचा रोग. बंडखोर म्हणून परागंदा झालेला भाऊ. आणि मृत्यू इतके की एका हाताची बोटं पुरत नाहीत: आई जाते, वडील जातात, मैत्रीण जाते, शेजारी जीव देतो, त्याच्या मागोमाग त्याची बायको जाते, शेवटी घरचे स्नेही म्हणवणारे मिस्टर बेलही जातात. आता सांगा, यात गुदगुल्या व्हाव्यात असं काय आहे? यावर शोधनिबंध लिहावा, परिसंवाद भरवावा, चहाबिस्किटं खाऊन घरी जावं. उसासे कसले टाकता?

खुद्द चार्ल्स डिकन्सला यात उसासा टाकण्याजोगं काही दिसलं नव्हतं. दिसला तो कंटाळा. सप्टेंबर 1854 ते जानेवारी 1855 या काळात ही कादंबरी त्याच्याच 'हाऊसहोल्ड वर्ड्स' साप्ताहिकात हप्त्याहप्त्यानं छापली जात होती. बाईंनी पुस्तकाला नायिकेचंच नाव द्यायचं ठरवलं होतं. डिकन्सनं ते बदलून 'नॉर्थ अँड साऊथ' करायला लावलं. मग हप्ते लांबताहेत, बाई कापाकापी करू देत नाहीत, साप्ताहिकाचा खप घसरतोय, अशी त्याची खासगी पत्रांतून कुरकुर सुरू. हा माणूस स्वतः लिहायला बसला की पाचशे पानांखाली उठत नसे, आणि दुसऱ्याच्या लांबणीवर नाक मुरडतो! नाकानं कांदे सोलावेत ते संपादकांनीच. बाईंनीही पुस्तक काढताना शेवट घाईत उरकावा लागला म्हणून प्रस्तावनेत दोन शब्द ऐकवले आणि भर घातली. आज डिकन्स असता तर त्या कोसळलेल्या संकेतस्थळासमोर उभा राहून काय म्हणाला असता, या नुसत्या कल्पनेनंही मन प्रसन्न होतं.

तर अशा या गंभीर, अभ्यासू, मरणप्रवण कादंबरीला हात घातला सॅण्डी वेल्च या पटकथाकार बाईंनी. बाई साध्या नव्हेत. आधी 1998 साली डिकन्सची 'अवर म्युच्युअल फ्रेंड' करून बसलेल्या, पुढे 2006 साली 'जेन एअर' करून रॉचेस्टरसाठी नवी रडारड लावणाऱ्या. म्हणजे सराईत. आणि दिग्दर्शक ब्रायन पर्सिव्हल, ज्यांनी पुढे 2010 मध्ये 'डाउन्टन ॲबी'चा पहिला भाग करून उरलेल्यांनाही नादी लावलं. या दोघांनी केलं काय, तर पहिल्या दहा-पंधरा मिनिटांतच मार्गारेटला गिरणीत नेलं. दार सरकतं. साच्यांचा खडखडाट. हवेत पांढरा तूस भरून राहिलेला, क्षणभर वाटतं आत बर्फ पडतोय. आणि वर, उंच कठड्याशी, काळ्या कोटात, सगळ्यांवर नजर ठेवून... आलं लक्षात? संपलं! अजून त्या माणसानं तोंड उघडलेलं नाही, आणि इकडे चहाचे कप हातात तसेच.

आणि तोंड उघडतो ते कशासाठी? ओरडण्यासाठी! एक कामगार गिरणीत चोरून पाइप ओढताना सापडतो, मालक धावत जाऊन त्याला धरतो आणि गुराला मारावं तसा मारतो. कापसाच्या गिरणीत ठिणगी म्हणजे शेकडो जीव राखेत, हे कारण खरं. पण मारणं ते मारणंच. पुस्तकात हा प्रसंग नावालाही नाही. तिथे नायक-नायिका हॉटेलच्या खोलीत, अत्यंत सभ्यपणे, घरभाड्याच्या संदर्भात भेटतात. तेव्हा पुस्तकनिष्ठांचा संताप झाला. गॅस्केलबाईंचा थॉर्नटन असा हात उचलील काय? वाङ्मयाचं काय हे? परंपरेचं काय? हे निष्ठावंत इतके चिडले, इतके चिडले, की नक्की किती जोरात मारलं हे तपासायला त्यांनी तो प्रसंग पुन्हा पाहिला. मग आणखी एकदा. अभ्यास म्हणून.

हे वेड इंग्लंडला नवं नव्हे म्हणा. 1995 साली याच बीबीसीनं 'प्राइड अँड प्रेज्युडिस' केलं तेव्हा कॉलिन फर्थचा डार्सी तळ्यात बुडी मारून ओल्या सदऱ्यानिशी बाहेर आला आणि राष्ट्राला जो ताप चढला तो अजून उतरलेला नाही. पुस्तकात ना तळं, ना बुडी. तरी 2013 साली लंडनच्या हाइड पार्कमधल्या तळ्यात डार्सीचा बारा फुटी पुतळा उभा केला, छातीएवढ्या पाण्यात, ओल्या सदऱ्यासकट! बदकांना काय वाटलं असेल? पण निदान डार्सी जमीनदार होता. दहा हजारांचं वार्षिक उत्पन्न, वाडा, बागा, कारंजी. त्याच्यामागे लागण्यात व्यवहार तरी होता. थॉर्नटनकडे काय? कर्ज, धूर आणि आई.

या आईबद्दल बोलल्यावाचून पुढे जाताच येत नाही. शिनेड क्युसॅक या थोर नटीनं साकारलेली मिसेस थॉर्नटन. काळी वस्त्रं, ताठ कणा, खिडकीतून गिरणीच्या फाटकावर रोखलेली नजर. नवऱ्यानं सट्ट्यात बुडून जीव दिला, मुलगा शाळा सोडून दुकानात राबला, बाईनं पै-पै जोडून लोकांची देणी फेडली. आता त्या मुलाकडे दक्षिणेतली कुणी उपटसुंभ, पदरात दमडी नसलेली पोरगी वाकड्या नजरेनं बघते? आणि वर त्याला नकार देते? नाकारायची हिंमत? मुलानं मागणी घातली याचा राग वेगळा आणि पोरीनं ती नाकारली याचा राग त्याहून मोठा. हे दोन्ही राग एकाच चेहऱ्यावर एकाच वेळी बघायचे असतील तर ही बाई बघा. आपल्या मालिकांतल्या भुवया उडवणाऱ्या सासवांनी हिच्या हाताखाली दोन वर्षं उमेदवारी करावी. मराठी प्रेक्षकाला इथे परकं काही वाटतच नाही. सासू कळली की व्हिक्टोरियन काळ आपोआप कळतो.

आणि प्रेमप्रकरण म्हणून तुम्हाला काय दाखवतात? एक चहाचा कप! मार्गारेट कप पुढे करते, तो घेतो, बोटाला बोट लागतं. झालं. याउपर काही नाही. एवढ्यावर माणसं कासावीस? पुढे ती हस्तांदोलन करायचं विसरते, तेवढ्यानं तो घायाळ. मग दंगल होते, चिडलेला जमाव गिरणीच्या दारात येतो, ती त्याला वाचवायला आडवी येते, दगड तिच्या डोक्याला लागतो. दुसऱ्या दिवशी हा दारात, लग्नाचं विचारायला. आता नीतीनं बघता त्याचं बरोबर होतं. चारचौघांत बाईनं गळ्यात हात टाकले म्हणजे तिची अब्रू राखणं आलं. पण ती काय म्हणते? तुमच्या जागी दुसरा कुणी असता तरी मी हेच केलं असतं! अरारारा! पुढे ती गाव सोडून जाते तेव्हा हा वर उभा राहून बर्फातून जाणाऱ्या तिच्या गाडीकडे बघत मनातल्या मनात विनवतो, की एकदा तरी वळून बघ. ती बघत नाही. आणि ज्यांना स्वतःच्या नवऱ्यानं ऑफिसला जाताना वळून पाहिलं की नाही हे गेल्या दहा वर्षांत तपासायला सुचलं नाही, अशा बायका हुंदके देतात!

आता मूळ मुद्द्यावर येऊ, कारण आपली खरी लाज इथे आहे. इंग्रजांचं एक वेळ सोडा. पण आपण? मराठी माणसं? आपल्याला गिरणी काय असते ते कुणी सांगायला हवं का? गॅस्केलबाई हे पुस्तक लिहीत होत्या त्याच 1854 साली कावसजी दावरांनी ताडदेवला मुंबईच्या पहिल्या कापडगिरणीचा घाट घातला. दोन वर्षांत ती सुरू झाली. पुढे परळ, लालबाग, भायखळा, चिमण्यांचं रान उठलं. कोकणातून, घाटावरून माणसं आली, साच्यावर उभी राहिली, भोंग्यावर उठली, भोंग्यावर झोपली, एका खोलीत दोन पाळ्यांचे बिऱ्हाडकरू राहिले. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखांच्या घरात कामगार संपावर गेले, आणि तो संप मिटला असं आजतागायत कुणी अधिकृतपणे सांगितलेलं नाही. ज्या जमिनीवर साचे होते तिथे आज मॉल आहेत. आपल्या कथा, कविता, नाटकं, शाहिरी, कुठेही बघा, गिरणीमालक म्हणजे कोण? खलनायक! गाडीतून येणारा, काच वर करणारा, टाळेबंदी लावणारा! ज्यांच्या आजोबांनी मोर्चात मालकाच्या नावानं शंख केला, त्यांच्या नाती रात्री अकरा वाजता कानात बोंडकं घालून मालकाच्या नावानं सुस्कारे टाकतात? मालकाची गिरणी बंद पडली म्हणून डोळे पुसतात? लाल बावट्याच्या घरात हे? आजोबांच्या तसबिरीला काय तोंड दाखवणार?

यावर बचावपक्ष तयारच असतो. काय तयारी, काय तयारी! म्हणे, थॉर्नटन वेगळा. म्हणे, त्यानं आपल्या गिरणीत हवेतला तूस ओढून नेणारं चाक बसवलंय. खरंच आहे ते. त्या काळी असं चाक बसवायला पाच-सहाशे पौंड लागत आणि नफा बुडतो म्हणून बाकीचे मालक बसवत नसत. कामगारांची पोरं तूस गिळून गिळून खंगत, मार्गारेटची मैत्रीण बेसी हिगिन्स तशीच मरते, आणि हे गॅस्केलबाईंनी मँचेस्टरात डोळ्यांनी पाहिलेलं होतं. म्हणे, त्यानं कामगारांसाठी खानावळ काढली आणि स्वतःही तिथे जेवायला बसला. म्हणे, गिरणी बुडत असताना सट्टा करायची संधी आली तरी कामगारांचे पगार पणाला लावणार नाही म्हणून त्यानं ती सोडली. बघा! पगार, आरोग्य, कँटीन. युनियनच्या मागणीपत्रात जी कलमं असतात ती इथे प्रेमपत्रात! एरवी स्थळ बघताना 'मुलगा निर्व्यसनी आहे का' विचारतात, इथे 'हवा खेळती ठेवतो का' विचारतात.

आणि कुणी जरा बुजरं असेल, मालकावर थेट मरायला लाजत असेल, त्याच्यासाठी दुसरी सोय आहेच: निकोलस हिगिन्स, कामगारांचा पुढारी. ब्रेंडन कॉइल. पुढे हेच कॉइल 'डाउन्टन ॲबी'त बेट्स झाले आणि तिथेही बायकांनी त्यांच्यासाठी नवस बोलले. तेव्हा वर्गजाणीव शाबूत ठेवून विरघळायचं असेल तर हिगिन्स. डाव्यांना डावा, उजव्यांना उजवा, कुणी उपाशी जायला नको. तरी गंमत अशी की हिगिन्सच्या बाजूनं भाषण ठोकणारी माणसंही स्टेशनचा प्रसंग आला की गप्प होऊन पुढे सरकून बसतात.

हां, स्टेशन. आला, शेवटी तो प्रसंग आला. एवढा वेळ दम धरलात, शाबास.

पुस्तकात शेवट कुठे होतो? लंडनमधल्या हार्ली स्ट्रीटवरच्या घरात, मागच्या दिवाणखान्यात, टेबलावर हिशेबाचे कागद. मार्गारेटला वारसाहक्कानं पैसा आलाय, थॉर्नटनचा धंदा बसलाय. ती त्याला व्यवहार सुचवते: माझे अठरा हजार सत्तावन्न पौंड बँकेत नुसते पडून आहेत, अडीच टक्क्यांनी, तुम्ही ते वापरा, मला जास्त व्याज द्या. जगाच्या वाङ्मयातलं हे एकमेव प्रेमनिवेदन असेल ज्यात मुदत ठेवीचा दर येतो. सहकारी बँकांच्या महाराष्ट्राला याहून रसाळ शृंगार कुठला? खरं तर आपल्याकडे हे पुस्तक पतपेढ्यांच्या वार्षिक सभेत वाटायला हवं.

आणि टीव्हीवर? तिथे ते दोघं रेल्वेच्या फलाटावर भेटतात. उत्तरेची गाडी इकडे, दक्षिणेची तिकडे, मध्ये एक लाकडी बाक. हे चित्रण झालं ससेक्समधल्या ब्लूबेल रेल्वेच्या हॉर्स्टेड कीन्स स्थानकात. तिथे वाफेच्या गाड्या अजून धावतात आणि आता बाकडी शोधत फिरणारे भाविकही येतात. तर हा उतरतो. आणि याच्या गळ्यात... सांगायची सोय नाही. गळ्यात काहीच नाही! गळपट्टा नाही! कॉलर उघडी! तीन भाग आणि वर पाऊण तास हनुवटीपर्यंत करकचून बांधलेला हा माणूस, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यात, भर फलाटावर, गळा उघडा टाकून फिरतो! पोलीस काय करत होते? आणि तेवढ्यावर भागत नाही. व्याजाचं बोलणं चाचरत अर्ध्यावर येतं, हात हातात जातात, ती त्याच्या हाताचे मुके घेते, आणि मग तो, चारचौघांत, सामानाच्या शेजारी... बोरीबंदर ते ठाणे गाडी 1853 ला सुरू झाली. त्याच सुमाराला ठाण्याच्या फलाटावर कुणी असला प्रकार केला असता तर गाडीसकट गाव बाटलं म्हणून अग्रलेख आले असते! मँचेस्टरातही वेगळं झालं नसतं. धर्मोपदेशकाची मुलगी लग्नाआधी परपुरुषाच्या गाडीत, नात्यातलं कुणी सोबतीला नसताना, बसून निघून गेली, एवढ्यावर तिथल्या बायकांनी तीन पिढ्या पुरेल इतका चहा संपवला असता. इतिहासाचे अभ्यासक हे सगळं पोटतिडकीनं सांगतात. त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. आणि कौलात सगळ्यांना आवडलेला क्षण म्हणून पुन्हा नाव येतं ते याच स्टेशनचं!

त्यापुढे तर काय, वेडाला पूर आला. पुढच्या वर्षी डीव्हीडी निघाली तेव्हा कुठे लोकांनी टीव्हीवरून घेतलेल्या घासलेल्या टेपांना सुट्टी दिली. चुंबनानंतर गाडीत काय झालं, मिल्टनला पोचल्यावर सासूबाई काय म्हणाल्या, पहिलं बाळंतपण कुठे झालं, यावर चाहत्यांनी इतक्या उत्तरकथा लिहिल्या की मूळ कादंबरी त्यांच्यापुढे पत्रिका वाटावी. लँकेशरमधल्या बर्नलीची क्वीन स्ट्रीट मिल, जिथे वाफेवर चालणारे खरे साचे आहेत आणि जिथलं चित्रण मालिकेत दिसतं, ती एरवी शाळेच्या सहलींची जागा. तिथे मध्यमवयीन बायका वरचा कठडा शोधायला लागल्या. मँचेस्टरला प्लिमथ ग्रोव्हवर गॅस्केलबाईंचं घर 2014 साली दुरुस्त होऊन लोकांसाठी उघडलं. तिथे जाणारे सगळे अर्थातच वाङ्मयासाठी जातात. शंका घ्यायचं काम नाही.

आर्मिटेजसाहेबांचं पुढे काय झालं म्हणता? 2006 मध्ये ते 'रॉबिन हूड'मध्ये दुष्ट गाय ऑफ गिस्बर्न झाले, तर सैन्यानं खलनायकाची बाजू घेतली. गुप्तहेर झाले, सैन्य गुप्तहेरांच्या मागे. 2012 साली 'द हॉबिट'मध्ये या सहा फुटी माणसाला दाढी लावून बुटका केला, थोरिन नावाचा! म्हटलं, आता तरी उतरेल. छे! बुटकाही चालला. 'नॉर्थ अँड साऊथ'वर बीबीसीनं 1975 साली आधी एक मालिका केली होती, तेव्हा थॉर्नटन होते पॅट्रिक स्टुअर्ट. तेव्हा कुठे काय कोसळल्याचं ऐकिवात नाही. 2004 च्या मालिकेत मार्गारेटच्या वडिलांचं काम करणारे टिम पिगट-स्मिथ 1975 मध्ये तिचे भाऊ झाले होते. माणूस भावाचा बाप होईपर्यंत गेला, पण जनता वेडी व्हायची ती नेमकी दुसऱ्या खेपेलाच झाली. हे काय गौडबंगाल आहे ते त्या नाकालाच ठाऊक.

बाटलेल्यांचे प्रकार तर बघत राहावेत असे. पहिला प्रकार, 'मी भाषेसाठी बघते'. दुसरा, 'मला औद्योगिक क्रांतीत रस आहे'. तिसरा प्रकार नवऱ्यांचा. हे सुरुवातीला पेपर घेऊन बाजूला बसतात. 'काय ते तुमचं इंग्रजी रडगाणं' म्हणतात. संपाच्या प्रसंगाला पेपर खाली येतो, कारण संप, कर्ज, ऑर्डरी यांत पुरुषाला बोलता येतं. तिसऱ्या भागापर्यंत 'त्यानं मशीनरीवर एवढा खर्च करायला नको होता' असा सल्ला देऊ लागतात. आणि चौथ्या भागात, ती वळून बघत नाही तेव्हा, डोळ्यांत काहीतरी गेलेलं असतं. दर वेळी त्याच जागी जातं. चौथा प्रकार प्राध्यापकांचा. यांना मालिका मुळीच मान्य नाही. वर्गसंघर्ष पातळ केलाय, कादंबरीत नसलेलं 1851 चं लंडनचं महाप्रदर्शन घुसडलंय, बोलीचा ठसका गेलाय. मुद्दे अचूक आहेत. एवढे अचूक मुद्दे काढायला कितव्यांदा पाहिली, हे मात्र त्यांना विचारू नये. आणि पाचवा प्रकार आपला. ताकाला जाऊन भांडं लपवणारा. 'अगं, ते काय ते, कुणीतरी सांगत होतं, गिरणीचं काहीतरी आहे म्हणे,' असं म्हणणारा. मोबाइलमध्ये मात्र तो स्टेशनचा तुकडा साठवलेला, आणि त्याला नाव दिलेलं 'वीजबिल'.

या सगळ्या हलकल्लोळात एका माणसाचा कुणी विचार केलाय? हेन्री लेनॉक्स! लंडनचा वकील. सुसंस्कृत, नीटनेटका, गळपट्टा जागच्या जागी. पहिल्याच भागात बिचाऱ्यानं मागणी घातली, नकार घेतला, तरी कटुता नाही. मार्गारेटच्या पैशाचे सगळे कागद त्यानं तयार केले. तिच्याबरोबर मिल्टनला गेला, परत निघाला, मध्ये गाडी थांबली म्हणून सभ्यपणे बाजूला उभा राहिला, आणि डोळ्यांदेखत त्याची अशील, तिची ठेव आणि त्याचं भवितव्य उत्तरेच्या गाडीत चढलं. बॅगसुद्धा त्यानंच हातात दिली! इतका भला माणूस! व्याजाचा दर त्यानं काढलेला! त्याच्या नावानं सैन्य सोडा, साधं महिला मंडळ तरी निघालं का? कुणी त्याच्यासाठी उत्तरकथा लिहिली? नात्यात असं स्थळ आलं तर आपण सगळ्या आयांनी मिळून मुलीला हेन्रीकडेच ढकललं असतं, याच्याबद्दल कुणाला शंका आहे? खरंच, एकदा बसून हेन्रीवर झालेल्या अन्यायाची शांतपणे, न्यायबुद्धीनं चर्चा व्हायला हवी. आत्ताच करू या की. फक्त जरा दोन मिनिटं मागे घ्या बघू ते, गाडी शिरते तिथपासून. मघाशी तुम्ही मध्येच बोललात आणि ती कॉलर नीट दिसली नाही.